फाउंड्रीची भट्टी संध्याकाळऐवजी दुपारी कशी चालवावी

विजेच्या जाळ्यात दर क्षणाला जेवढी वीज वापरली जाते तेवढीच तयार व्हावी लागते. हा ताळमेळ चुकला की ५० हर्ट्‌झची वारंवारिता हलू लागते. दिवसा सौरवीज मुबलक असते, पण सूर्य कलला की ती झपाट्याने उतरते आणि नेमक्या त्याच सुमारास घरोघरचे दिवे लागतात. ही वेळ सांभाळायला कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प मोलाचे आहेत. मात्र वीजनिर्मितीसाठी कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. म्हणून कारखान्यांनी संध्याकाळचा भार दुपारकडे सरकवणे ही जाळ्याला खरीखुरी मदत ठरते. कोल्हापूर परिसरातील फाउंड्र्यांना, म्हणजे धातू वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यांना, हे विशेष जमण्यासारखे आहे, कारण त्यांचा सर्वांत मोठा भार एकाच जागी, इंडक्शन भट्टीत (विजेच्या कॉइलने धातू वितळवणाऱ्या भट्टीत) असतो.

नवे यंत्र घेण्याआधी मीटरचा महिन्याभराचा लोड सर्व्हे (कोणत्या वेळी किती वीज लागली याची नोंद) काढावा आणि तो भट्टीच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचावा. कोणती हीट (धातू वितळवण्याची एक खेप) किती वाजता लागली, किती वेळ चालली आणि धातू तयार झाल्यावर ओतकामाला किती उशीर झाला, हे तिथेच उघड होते. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात असे धरले, तर संध्याकाळच्या दोन एकटनी हीट दुपारी घेतल्याने सुमारे १,२०० युनिट गर्दीच्या वेळेतून बाहेर पडतात.

खरी अडचण भट्टीत नसून साच्यांत असते. साचे तयार नसले की वितळलेला धातू नुसता गरम ठेवावा लागतो आणि त्या होल्डिंगमध्ये वीज जाते, पण एकही कास्टिंग (ओतीव भाग) वाढत नाही. त्यामुळे दुपारी सलग ओतकाम हवे असेल, तर मोल्डिंगची (साचे बनवण्याची) पाळी भट्टीच्या थोडी आधी सुरू करावी. हिरव्या, म्हणजे ओलसर, वाळूचे साचे मात्र आदल्या रात्री करून ठेवू नयेत. ते वाळतात, कडा ढासळतात आणि कास्टिंगमध्ये वाळू शिरते. कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे गाभे) मात्र कोरड्या जागी ठेवता येतात, म्हणून कोअर शॉप, पॅटर्नची (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याची) दुरुस्ती आणि फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) यांसारखी तुलनेने कमी विजेची कामे संध्याकाळकडे न्यावीत. पाळ्या बदलताना कामगारांशी आधी बोलावे. घरी परतण्याची बस चुकत असेल तर कागदावरचे उत्तम वेळापत्रकही टिकत नाही.

भार कमी करताना भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारा पाण्याचा पंप कधीही बंद करू नये. नव्या लाइनिंगचे (भट्टीच्या आतल्या अस्तराचे) सिंटरिंग, म्हणजे ते तापवून घट्ट करणे, सुरू असताना किंवा भट्टीत धातू असताना वीज तोडणे धोक्याचे आहे. अशा हीट बदलाच्या यादीतून सरळ वगळाव्यात.

दराचा आधारही या बदलाला आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौरतासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा असून, औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या वेळी तो किमान १.२ पट असतो. नेमके तास आपल्या राज्याच्या आयोगाच्या चालू आदेशात पाहावेत. मात्र सवलतीच्या मोहाने भट्टी, सँड प्लांट (साच्यांची वाळू तयार करणारी यंत्रणा) आणि शॉट ब्लास्टिंग (छर्र्यांच्या माऱ्याने कास्टिंग साफ करणे) एकाच वेळी चालवले, तर कमाल मागणी वीज कंपनीशी ठरलेल्या करारित मागणीच्या पुढे जाईल आणि झालेली बचत दंडात जाईल. भट्टी पूर्ण शक्तीवर असताना शॉट ब्लास्टिंग थांबवावे, एवढी साधी शिस्तही पुष्कळ उपयोगी पडते.

वीज जाऊन परत आल्यावर सारे स्विच एकदम चालू करू नयेत. आधी थंडाव्याचे पंप, मग कॉम्प्रेसर, मग सँड प्लांट आणि शेवटी भट्टी, तीही हळूहळू शक्ती वाढवत, असा क्रम लिहून पॅनेलच्या दारावर लावावा. त्या क्षणी फीडरवरचे (परिसराला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवरचे) सगळेच कारखाने एकाच वेळी भार मागत असतात.