काँगोला निघालात? आधी दिसायला शिका

पलटणीतल्या कुणाचं यूएन मिशनच्या यादीत नाव लागलं की मला फोन येतो. प्रश्न ठरलेला, "साहेब, बरोबर काय काय न्यायचं?" मी सांगतो, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी न्या, चांगला रेनकोट न्या, मोजे जादा न्या. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टइतकंच जपा, ते जाताना लागतं आणि परत येताना आपल्या विमानतळावरही लागतं. मलेरियाची गोळी सगळ्यांच्या देखत घ्या, म्हणजे चुकत नाही. एवढ्यावर फोन संपतो. जे खरं सांगायचं असतं ते राहूनच जातं.

मी 2016-17 मध्ये वर्षभर काँगोत होतो, तेव्हा हवालदार होतो. आमचं गाव साताऱ्याकडचं, घराघरात फौजी, पण परदेशी मिशनवर गेलेला मी पहिलाच. त्याआधी काश्मीरमध्ये दोनदा पोस्टिंग झालेलं. तिथं जे अंगात भिनलं होतं त्यातलं निम्मं काँगोत आडवं आलं.

पहिला धक्का रंगाचा. आयुष्यभर आम्हाला शिकवलं काय, तर लपा. तोंडाला काजळी फासा, हेल्मेटला पाला खोचा, रात्री विडीसुद्धा ओंजळीत ओढा. आणि इथं सगळी वाहनं पांढरीशुभ्र, त्यावर हातभर काळी अक्षरं, डोक्यावर आभाळी रंगाचं हेल्मेट, तळावर रात्रभर दिवे. पहिल्या रात्री पहाऱ्यावर उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला होता. समोर अंधारात डोंगर, आणि आपण स्टेजवर उभं असल्यासारखे उजेडात. आमचे कंपनी कमांडर म्हणाले, "यांना आपण दिसलो पाहिजे. दिसणं हीच ड्यूटी आहे." तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. समजायला तीन महिने गेले.

आमची कंपनी पूर्व काँगोतल्या रुत्शुरूजवळच्या किवांजाला होती. गोम्याहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर, विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. गोमा शहर ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं. 2002 च्या लाव्ह्याचे काळे दगड अजून रस्त्यांत आहेत, टायर फाडतात. आणि ड्रायव्हर लोकांनी नीट ऐका : काँगोत गाड्या उजवीकडून चालतात, पण आपली वाहनं भारतातून आलेली, स्टिअरिंग उजव्याच बाजूला. पुढचा ट्रक ओलांडताना समोरचं काही दिसत नाही. शेजारी बसलेल्याने डोळे उघडे ठेवून सांगायचं, मगच पुढे काढायची. तिथं शेजारच्या सीटवर झोप काढणाऱ्याला माफी नाही.

आता कामाचं. पोरं येताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांची कथा ऐकून येतात. 5 डिसेंबर 1961, एलिझाबेथविल, म्हणजे आजचं लुबुंबाशी. यूएन मिशनवर लढताना वीरमरण, मरणोत्तर परमवीर चक्र. आपल्या सैन्याचा काँगोशी संबंध तेव्हापासूनचा, त्याचा अभिमान हवाच. पण तुमच्या वर्षात तसं काही घडेल ही अपेक्षा घेऊन जाऊ नका. तुम्ही पहाटे चार वाजता फाट्यावर गाडी लावून, दिवे चालू ठेवून उभे राहाल. बायका डोक्यावर कसावा आणि घेवड्याच्या गोण्या घेऊन तुमच्या समोरून बाजाराला जातील. त्या गेल्या, कुणी लुटलं नाही, कुणी जंगलात ओढलं नाही, की झाली त्या दिवसाची कामगिरी. रिपोर्टात लिहायला एक ओळसुद्धा मिळत नाही.

शांतिसेना म्हणजे गोळी चालवायचीच नाही, हाही गैरसमज. मोनुस्कोला, म्हणजे काँगोतल्या यूएन मिशनला, सुरक्षा परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली अधिकार दिलेत, सामान्य माणसाच्या जिवाला धोका असेल तर बळ वापरता येतं. नियमांचं छोटं कार्ड खिशात असतं. ते पाठ करा, इंग्रजी कच्चं असेल तर आपल्या भाषेत लिहून पाठ करा. घाबरून गोळी झाडणारा जेवढा धोक्याचा, तेवढाच नियम माहीत नाही म्हणून हात बांधून उभा राहणारा.

हे मी उगाच म्हणत नाही. किवांजात 2008 च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांत किमान दीडशे माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचा तळ तिथून एक किलोमीटरही लांब नव्हता. आम्ही आठ वर्षांनी गेलो तरी गावातले म्हातारे ते विसरले नव्हते. आमच्या दुभाष्याला एकाने विचारलं, "हे पण नुसते बघणार का?" दुभाष्याने भाषांतर करायला जरा वेळ लावला, त्यावरूनच मी ओळखलं काय विचारलं असेल ते. दिसण्याची ही दुसरी बाजू. पांढरी गाडी दिसते म्हणून लोक झोपतात, आणि ती गाडी हलली नाही तर तीच त्यांच्या डोळ्यांत सलते. 2022 च्या जुलैमध्ये लोक मोनुस्कोविरुद्ध रस्त्यावर उतरले, बुटेंबोत आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. बातमी वाचून मला त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला.

म्हणून कान उघडे ठेवा. कंपनीबरोबर स्थानिक संपर्क सहाय्यक असतात, त्यांना ड्रायव्हरसारखं वागवू नका. गावात कोण नवीन आलं, कुठल्या वाटेवर बायका जायच्या थांबल्या, हे त्यांना तुमच्या दुर्बिणीआधी कळतं. थोडी स्वाहिली, म्हणजे तिथली भाषा, शिका. आपल्याला ती अवघड नाही: चाय म्हणजे चहा, गारी म्हणजे गाडी, पेसा म्हणजे पैसा, सबुनी म्हणजे साबण.

पण घड्याळाला सांभाळा. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. हे मला माहीत नव्हतं. दुभाष्या रजेवर, मी हुशारी करत गावच्या मुखियाशी बोललो. त्याने बाजारच्या दिवशी 'सा कुमी ना मोजा'ला या म्हणून सांगितलं. कुमी ना मोजा म्हणजे अकरा, एवढं येत होतं. आम्ही अकराला दोन गाड्या घेऊन हजर. बायका पहाटे पाचलाच, म्हणजे त्यांच्या रात्रीच्या अकराव्या तासाला, एकट्या गेलेल्या. नशिबाने त्या दिवशी काही झालं नाही. मुखिया हसला, चहा दिला, आणि पुढचे तीन आठवडे त्याने आम्हाला बोलावलंच नाही.

पोरं गाडीमागे 'बिस्कुती, बिस्कुती' ओरडत धावतात. टाकू नका. एक पोरगं चाकाखाली येता येता वाचलेलं मी पाहिलंय. बायकांच्या बाबतीत तर नियम पोलादी आहे : पैसे, खाणं, मदत, कशाच्याही बदल्यात कसलाही संबंध नाही. पकडले गेलात तर घरी पाठवतील ही भीती नंतरची, समोरच्या बाईपुढे पर्याय नसतो हे आधी समजून घ्या.

क्वार्टर मास्टरच्या माणसांसाठी दोन शब्द. संयुक्त राष्ट्रं देशाला दर माणशी दरमहा रक्कम देतात, 2022 मध्ये ती 1,448 डॉलर ठरली होती. ती सरकारला मिळते, गावाकडे 'डॉलर कमावतोय' म्हणून उधार मागायला येणाऱ्यांना हे आधीच सांगून टाका. सामानाचे पैसे वेगळे, आणि ते सामान चालू असेल तरच. तपासणीला येणारे जनरेटर सुरू करून बघतात, संडास मोजतात. एक पंप बंद निघाला तेव्हा आमचा सुभेदार जेवला नव्हता.

ऑक्टोबर 2022 मध्ये किवांजा एम-23 या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं. तो फाटा, तो बाजार आता कसा असेल ते मी सांगू शकत नाही.

वर्ष संपवून परत आलो, पुन्हा काश्मीर. पहिल्याच रात्रीच्या गस्तीत मी सवयीने रस्त्याच्या मधोमध, दिव्याखाली जाऊन उभा राहिलो. मागच्या नाईकाने पट्ट्याला धरून खाली खेचलं आणि दबक्या आवाजात अशी शिवी हासडली की काँगोतून घरी आल्याची तेव्हा खात्री पटली.