स्वस्तात मॉड्युलर सिंथ जमवताना या चुका टाळा

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूल एका रॅकमध्ये बसवून केबलने जोडलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य. स्वस्त मॉड्यूल म्हणजे टाकाऊ मॉड्यूल, हे मला मान्य नाही. माझ्या रॅकमधला सगळ्यात जास्त वाजणारा फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारं मॉड्यूल) सगळ्यात कमी पैशांत आलेला आहे. 'मॉड्यूल खराब निघालं' ही तक्रार मात्र सारखी कानावर येते, आणि नीट तपासलं तर बहुतेक वेळा दोष वीजपुरवठ्यात किंवा जोडणीत सापडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिबन केबल (मॉड्यूलला वीज देणारी चपटी केबल) उलटी लावणं. युरोरॅकमध्ये, म्हणजे मॉड्युलर सिंथच्या सगळ्यात प्रचलित पद्धतीत, +12 आणि −12 व्होल्ट असतात, काही ठिकाणी +5 सुद्धा. केबलची लाल कड −12 च्या बाजूला हवी. कनेक्टरला खाच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केबलचा कनेक्टरच उलटा दाबलेला असेल तर खाच बरोबर बसूनही वीज उलटी जाते. काही मॉड्यूलवर संरक्षक डायोड असतात, सगळ्यांवर नाही. मी प्लग काढतो, टॉर्च धरून बोर्डावर छापलेलं '−12' शोधतो, लाल कडेवर बोट ठेवतो, दुसऱ्या टोकालाही तेच करतो आणि मगच स्विच चालू करतो.

पैसे वाचवायचे तर ऑसिलेटरवर (मूळ सूर काढणाऱ्या मॉड्यूलवर) वाचवा, पॉवर सप्लायवर नको. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर खातं ते +12 साठी वेगळं आणि −12 साठी वेगळं मांडा आणि साधारण पाव भाग मोकळा ठेवा. डिजिटल मॉड्यूल मध्येच रीस्टार्ट होत असेल किंवा नवीन मॉड्यूल लावल्यापासून गुणगुण वाढली असेल, तर आधी ही बेरीज पाहा.

आता सुराचा घोळ. माझा ऑसिलेटर कीबोर्डशी छान जुळलेला होता. साध्या मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारं मॉड्यूल) त्याच कीबोर्डचा पिच, म्हणजे सूर ठरवणारं व्होल्टेज, दुसऱ्या ऑसिलेटरलाही दिला आणि वरच्या सप्तकांत दोघेही उतरू लागले. दोन संध्याकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रिमर (सूर जुळवायचे छोटे स्क्रू) फिरवत बसलो, आणि दोष ऑसिलेटरमध्ये नव्हताच. कीबोर्डच्या आउटपुटला 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि ऑसिलेटरचा इनपुट 100 किलोओहमचा असेल, तर जोडलेल्या प्रत्येक ऑसिलेटरमागे व्होल्टेज जवळपास 1 टक्का घटतं. एका सप्तकाला 1 व्होल्ट, म्हणजे 1200 सेंट (सेंट हे सुरातला फरक मोजायचं एकक). त्यातले 12 सेंट गेले. तीन सप्तकं वर गेलात की 36, आणि ते कुणालाही ऐकू येतात. पिचसाठी बफर (व्होल्टेज घटू न देणारं सर्किट) असलेलं मल्टिपल घ्या. साधं मल्टिपल गेट (नोट चालू-बंद करणारा सिग्नल), क्लॉक (ताल देणारा सिग्नल) आणि ऑडिओला बिनधास्त वापरा. आणि ॲनालॉग ऑसिलेटर चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, त्याआधी सूर लावू नका.

खरेदीतली नेहमीची चूक म्हणजे आवाज काढणारी मॉड्यूल ढीगभर आणि व्हीसीए (व्होल्टेजने आवाज लहान-मोठा करणारं मॉड्यूल) एकच. ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा), मिक्सर, व्हीसीए दिसायला नीरस, पण पॅचला, म्हणजे केबलच्या जोडणीतून बनलेल्या आवाजाला, जिवंतपणा तेच देतात. एलएफओ (संथ लयीत वर-खाली होणारा सिग्नल) थेट फिल्टरला दिला की सगळं टोकाला जातं; मध्ये ॲटेन्युएटर टाकून चिमूटभर दिला की तोच फिल्टर श्वास घेऊ लागतो.

म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या मॉड्यूल-कंपनीची बरीच डिझाइन्स खुली असल्यामुळे त्यांच्या छोट्या, स्वस्त आवृत्त्या मिळतात. आवाज उत्तम. मात्र पॅनल फार अरुंद केलं असेल तर केबल लावल्यावर नॉबपर्यंत बोट पोचत नाही, आणि हे फोटोत कळत नाही. त्यातली बरीचशी मॉड्यूल व्हीसीव्ही रॅक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आठवडाभर तिथे वाजवा. ज्याची आठवण येत राहील तेच घ्या. खोकं उथळ असेल तर मॉड्यूलची खोली मोजा, वर रिबन केबलला लागणारी जागाही धरा.

रेकॉर्डिंग फाटतंय? मॉड्युलरचा सिग्नल साधारण 10 व्होल्ट पीक-टू-पीक (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) असतो, काही ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकात आवाज घेणाऱ्या यंत्राच्या) लाइन इनपुटला तो झेपत नाही. वाटेत ॲटेन्युएटर ठेवा.

आणि आवाजच येत नसेल, तर काही उघडण्याआधी ऑसिलेटरची केबल थेट आउटपुटला लावा. तिथे ऐकू आलं, तर एकेक मॉड्यूल परत जोडत जा. माझ्याकडे बहुतेक वेळा व्हीसीएपाशीच थांबावं लागतं: एन्व्हलपची (आवाज कसा चढेल-उतरेल ते ठरवणाऱ्या मॉड्यूलची) केबल शेजारच्या जॅकमध्ये गेलेली असते.