जादूची वस्तू कुठल्या पुस्तकात? डीएम मंडळींनो, या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनेतल्या साहसांच्या खेळात मी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारा. आमच्या खेळात एकदा खेळाडूंच्या पात्रांना एक जादूची कुऱ्हाड सापडली. वर्णन करता करता तिचं पुस्तकातलं नाव माझ्या तोंडून निघून गेलं, बर्सर्कर ॲक्स. दोन मिनिटांत एकाने फोनवर शोधून मोठ्याने वाचून दाखवलं: शापित आहे, एकदा अटून केली (म्हणजे पात्राने स्वतःशी जोडून घेतली) की सोडवत नाही, शत्रूचा मार बसला की भान हरपून दिसेल त्याच्यावर तुटून पडायची वेळ येऊ शकते. कुऱ्हाड तिथेच पडून राहिली आणि तिच्याभोवती रचलेली तीन सेशन्स वाया गेली. नाव सांगणं ही माझी चूक होतीच. पण त्यानंतर मी एका प्रश्नाचा नीट विचार करू लागलो: जादूच्या वस्तूंची पानं नक्की कोणासाठी असतात?

डन्जन्स अँड ड्रॅगन्सने याची उत्तरं वेळोवेळी बदलली आहेत. 1974 च्या तीन छोट्या पुस्तिकांपैकी दुसरीत राक्षस आणि खजिना एकत्र होते. 1979 मध्ये वस्तू डन्जन मास्टर्स गाइडमध्ये गेल्या, आणि ते पुस्तक खेळाडूंनी वाचायचं नाही असं प्रस्तावनेतच बजावलं होतं. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत त्या थेट खेळाडूंच्या पुस्तकात, प्लेअर्स हँडबुकमध्ये आल्या. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा डीएमकडे. वस्तू कुठे छापली यावरून ती बक्षीस आहे की खेळाडूचा हक्क, हे ठरत जातं. बहुतेक घोळ इथेच होतात.

चूक पहिली: गणित न बघता जागा बदलणं

चौथ्या आवृत्तीत वस्तू खेळाडूंच्या पुस्तकात होत्या, कारण राक्षसांचे आकडे त्या धरूनच मांडलेले होते. लेव्हल वाढली आणि शस्त्राचा बोनस (फाशाच्या आकड्यात मिळणारी भर) वाढला नाही, तर वार लागेनासे होतात. म्हणूनच खेळाडूंकडून हव्या असलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या, असं त्यात डीएमला सुचवलं होतं. तिथे वस्तू लपवून ठेवणं म्हणजे खेळाडूंना उपाशी ठेवणं.

पाचव्या आवृत्तीत याच्या उलट आहे. तिथलं गणित वस्तूंवर उभं नाही. साधं प्लेट आर्मर आणि ढाल मिळून एसी, म्हणजे वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा, 20 होतो, आणि 2014 च्या गॉब्लिनला (या छोट्या राक्षसाला फाशाच्या आकड्यात +4 मिळतात) वार लावायला वीस बाजूंच्या फाशावर 16 किंवा जास्त लागतात. वीसपैकी पाच आकडे. तेच चिलखत जादूने +3 केलं की एसी 23, म्हणजे 19 किंवा 20 च हवेत. पाचाचे दोन झाले! गॉब्लिनांच्या टोळीला ते चिलखत घातलेल्या लढवय्यासमोर जवळपास अर्थच उरत नाही. चौथ्या आवृत्तीची सवय घेऊन पाचवी चालवणाऱ्या डीएमचा खेळ इथे हमखास बिघडतो. लढाया अचानक फिक्या वाटू लागल्या, तर राक्षस वाढवण्याआधी पार्टीकडचे, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाकडचे, बोनस मोजा.

चूक दुसरी: पुस्तक डीएमचं, पण दार खेळाडूंना उघडं

हे तिसऱ्या आवृत्तीत झालं, 2000 साली. वस्तू डीएमच्या पुस्तकातच होत्या, पण त्या बनवण्याचे फीट्स (पात्राने निवडायची खास कौशल्यं) मात्र खेळाडूंच्या पुस्तकात. शिवाय प्रत्येक वस्तूला किंमत. शस्त्राच्या बोनसचा वर्ग गुणिले 2000 सोन्याची नाणी: +1 ला 2000, +2 ला 8000, +3 ला 18,000. किंमत आणि कृती हातात आली की खेळाडू ते पुस्तक उघडणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तुम्ही स्वतःचे नियम लिहीत असाल आणि वस्तू दुर्मिळ राहाव्यात असं वाटत असेल, तर वस्तूंच्या नावांसमोर किंमत छापू नका. नुसतं वेगळ्या प्रकरणात टाकून काही होत नाही. किंमत दिसली की दुकान आलंच.

चूक तिसरी: वापराचे नियमही लपवणं

ही मला सगळ्यात जास्त खटकते. 2014 मध्ये अटूनमेंट म्हणजे काय, एका वेळी तीनच वस्तू का, हे सगळं डीएमच्या पुस्तकात गेलं. जो नियम खेळाडूला दर सेशनला लागतो, तो त्याच्या पुस्तकात नाही! मग अंगठी मिळाली की दर वेळी तोच प्रश्न, तेच थांबणं. 2024 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये वस्तू ओळखण्याचे आणि अटूनमेंटचे नियम आले, आणि वस्तूंची मोठी यादी डन्जन मास्टर्स गाइडमध्येच राहिली. मला ही वाटणी सगळ्यात योग्य वाटते: वापर कसा करायचा ते खेळाडूकडे, काय सापडणार ते डीएमकडे. जखमा भरणारं हीलिंग पोशन मात्र किंमतीसकट खेळाडूंच्याच पुस्तकात हवं. ते बक्षीस नाही, शिधा आहे.

जुनी पुस्तकं असतील तर हे नियम एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा. वस्तूसाठी कार्ड करा: पुढे फक्त डोळ्यांना दिसतं ते, मागे नियम, आणि शाप कुठेच नाही, तो तुमच्या वहीत. पुस्तकातलं नाव कार्डावर नकोच. बॅग ऑफ होल्डिंग आणि गिळून टाकणारी बॅग ऑफ डिव्हावरिंग दिसायला सारख्याच, त्यामुळे दोन्हींच्या कार्डांवर 'जुनी कापडी पिशवी' एवढंच लिहा.

आणि सगळे नियम एकाच पुस्तकात असतील तर? पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2009 च्या कोअर रूलबुकमध्ये जादूच्या वस्तू पंधराव्या प्रकरणात, अगदी शेवटी होत्या. 2023 मध्ये प्लेअर कोअर आणि जीएम कोअर अशी दोन पुस्तकं झाली तेव्हा खजिन्याचं प्रकरण जीएमकडे (तिथल्या डीएमकडे) गेलं. तुमचं पुस्तक एकच असेल, तर तलवारी आणि दोरखंडांच्या यादीला जोडून जादूच्या वस्तू टाकू नका. नवा खेळाडू पात्र तयार करताना ती यादी वाचतोच, आणि पहिल्या लेव्हललाच उडता झाडू मागतो.