सरकलेल्या टिपा: माझा अनुभव

घरातील मोडी पोथीची छायाचित्रे आयआयआयएफ (चित्रे वेबवर मांडण्याचे सामायिक प्रमाण) पद्धतीने मांडून मी ती मिराडोर या चित्रदर्शक प्रणालीमध्ये उघडली, तेव्हा तिसऱ्या ओळीतील खोडलेल्या शब्दावर लिहिलेली टीप थेट आठव्या ओळीवर, भलत्याच अक्षरांभोवती चौकट आखून बसलेली दिसली. दोन संध्याकाळी मी मिराडोरलाच उगाच बोल लावला. वस्तुतः टिपेच्या चौकटीचे स्थान आणि तिची रुंदी-उंची मूळ चित्राच्या पिक्सेलमध्ये नव्हे, तर मॅनिफेस्टमधील (पोथीची पाने व त्यांची मापे नोंदवणाऱ्या फाइलमधील) कॅनव्हासच्या, म्हणजे चित्र ज्यावर बसवले जाते त्या कल्पित पानाच्या, मापात मोजली जाते. माझे चित्र ६००० पिक्सेल रुंद होते आणि टिपांची मापे मी त्यावरूनच घेतली होती; कॅनव्हासची रुंदी मात्र मी ३००० लिहिली होती. टिपांना हात न लावता कॅनव्हासची रुंदी व उंची दुप्पट केल्यावर चौकट त्या खोडलेल्या शब्दावर नेमकी बसली.