मोठ्या कंपनीतलं अ‍ॅजाइल : फ्रेशरने नेमकं कुठे बघावं?

अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत बनवण्याची पद्धत. कॉलेजात ती शिकवतात ती आठ-दहा जणांच्या टीमची. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून अ‍ॅजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यातही शंभर माणसांनी एकाच सॉफ्टवेअरवर कसं काम करायचं याबद्दल एक ओळ नाही. हिंजवडीत एखाद्या परदेशी बँकेच्या प्रोजेक्टवर रुजू झालात की पहिला प्रश्न नेमका तोच पडतो.

आमच्याकडे त्यासाठी ‘सेफ’ (SAFe) ही अनेक टीमनी मिळून अ‍ॅजाइल चालवायची पद्धत होती. ५० ते १२५ माणसांची मिळून एक ‘ट्रेन’, आणि पुढच्या ८ ते १२ आठवड्यांचं प्लॅनिंग दोन दिवस सगळ्यांनी एकत्र बसून करायचं. पहिल्या दिवशीची भाषणं लांबतात, ती सोडा. बघण्यासारखा असतो तो भिंतीवरचा बोर्ड. आडव्या ओळीत टीम, उभ्या रकान्यांत स्प्रिंट म्हणजे कामाचे ठरावीक आठवड्यांचे टप्पे, आणि एका टीमचं काम दुसरीवर अडत असेल तिथे दोन कार्डांमध्ये लाल दोरा. आमचं पेमेंटचं कार्ड दुसऱ्या स्प्रिंटमध्ये होतं आणि त्याला लागणारा एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा, शेजारच्या टीमच्या चौथ्या स्प्रिंटमध्ये. म्हणजे आधी वरात, मग लग्न! आमच्या सीनियर ताई मला घेऊन थेट त्यांच्या टेबलावर गेल्या आणि म्हणाल्या, “एपीआय तुमच्या सवडीने द्या, पण रिक्वेस्ट-रिस्पॉन्समध्ये कुठली फील्ड्स असतील तेवढं आज ठरवू.” तेवढ्यावर आम्ही खोटा रिस्पॉन्स देणारा स्टब लिहून काम सुरू केलं. खऱ्या एपीआयशी जोडणी मात्र पाचव्या स्प्रिंटमध्ये ठेवली आणि तशी कार्डावर नोंदही केली.

मोठ्या कंपनीतलं निम्मं अ‍ॅजाइल हे असं दुसऱ्याच्या टेबलापर्यंत चालत जाणं आहे. बाकीचं जिरा, म्हणजे कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतं.

दोन दिवसांच्या प्लॅनिंगच्या शेवटी पाच बोटांचं मतदान होतं : प्लॅनवर किती विश्वास आहे ते प्रत्येकाने बोटांनी दाखवायचं. फ्रेशरलाही मत असतं. शंका असेल तर सरळ दोन बोटं दाखवा. कारण विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. सगळे पाच दाखवतायत म्हणून आपणही पाच, असं करू नका.

स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी भेट, १५ मिनिटांचा असतो आणि तो मॅनेजरला हजेरी देण्यासाठी नसतो. “काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय” हे तीन प्रश्न स्क्रम गाइडमधून, म्हणजे स्क्रम या अ‍ॅजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेतून, २०२० साली काढूनही टाकले. तरी बऱ्याच टीम पाढे म्हटल्यासारखे ते म्हणतात. तुम्ही अडलेलं आधी सांगा. स्टोरी पॉइंटवरून, म्हणजे काम किती मोठं याच्या टीमने केलेल्या अंदाजावरून, दोन टीमची तुलना करणारा कोणी भेटला तर वाद घालू नका, पण मनावरही घेऊ नका. एका टीमचे पाच पॉइंट दुसरीचे तेरा असू शकतात.

अ‍ॅजाइलच्या सर्टिफिकेटवर पहिल्या वर्षी खिशातले पैसे घालू नका, कंपनी देत असेल तर घ्या. आणि ज्या टीमवर आपलं काम अवलंबून आहे, त्यांच्या जिरा बोर्डाचा अ‍ॅक्सेस पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. ती मंजुरी कुठल्याच स्प्रिंटमध्ये मोजलेली नसते.