डीसीएफडीए चमकला म्हणजे आरओएस वाढले? या चुका टाळा

एखाद्या औषधाने किंवा वनस्पतीच्या अर्काने पेशींतले आरओएस, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे क्रियाशील रेणू, वाढतात का हे बघायचं असलं की हात आधी डीसीएफडीए या डायकडे, म्हणजे ऑक्सिडेशन झालं की चमकणाऱ्या रसायनाकडे, जातो. स्वस्त पडतो आणि प्लेट रीडरवर (चमक मोजणाऱ्या यंत्रावर) त्याच दिवशी आकडे मिळतात. घोळ होतो तो आकड्यांचा अर्थ लावताना.

हा डाय पेशीत शिरला की एस्टरेझ ही एन्झाइम्स त्याचे अ‍ॅसिटेट गट तोडतात. उरलेल्या डीसीएफएचचं ऑक्सिडेशन झालं की हिरवा चमकणारा डीसीएफ तयार होतो. प्रबंधांत यावरून बिनधास्त लिहिलेलं असतं, ‘हायड्रोजन पेरॉक्साइड मोजलं’. प्रत्यक्षात डीसीएफएचची पेरॉक्साइडशी थेट प्रक्रिया जवळपास होतच नाही. मध्ये लोह, पेरॉक्सिडेझ हे एन्झाइम किंवा सायटोक्रोम सी हे प्रथिन लागतं. त्यामुळे अपॉप्टोसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) सुरू होऊन मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडलं, तर पेरॉक्साइड तेवढंच असूनही चमक वाढू शकते. त्यात भर म्हणजे ऑक्सिडेशनच्या वाटेवर डायचा जो रॅडिकल बनतो, तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड हा आणखी एक आरओएस तयार करतो आणि त्यातून पुन्हा पेरॉक्साइड. जे मोजायला निघालो त्यात डाय स्वतःच भर घालतो! म्हणून निकालात ‘डीसीएफची चमक वाढली’ एवढंच लिहावं. मायकल मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख हाच आहे: नुसतं आरओएस म्हणू नका, शक्य तिथे नेमका रेणू सांगा.

कंट्रोल वेलच (प्लेटमधले औषध न घातलेले खळगेच) चमकत असतील तर आधी मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचा द्रव, तपासा. सीरममधली एस्टरेझ डायला पेशीबाहेरच तोडतात आणि मीडियममधल्या फिनॉल रेड या रंगामुळे बॅकग्राउंड वाढतं. लोडिंग (पेशींत डाय भरणं) सीरम नसलेल्या मीडियममध्ये किंवा बफरमध्ये करा, साधारण १० मायक्रोमोलर, ३७ अंशांवर ३० मिनिटं, अंधारात. मग नीट धुवा. मायक्रोस्कोपखाली फोकस शोधत बसलात तर ४८८ नॅनोमीटरचा प्रकाशच डायचं ऑक्सिडेशन करतो. फोकस ब्राइटफील्डमध्ये लावावा. रीडिंगही ताटकळत ठेवू नका, डीसीएफ पेशीतून झिरपत जातो.

हळदीवर काम करणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच हिरव्या पट्ट्यात चमकतं. डायशिवाय फक्त अर्क घातलेल्या पेशी, आणि पेशींशिवाय डाय अधिक अर्क, हे दोन कंट्रोल नसतील तर आलेख कितीही देखणा असो, मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाचा असाच घोटाळा लाल पट्ट्यात होतो, तिथे डायहायड्रोइथिडियम या सुपरऑक्साइडसाठीच्या डायचा सिग्नल बसतो. त्या डायची आणखी एक भानगड आहे: सुपरऑक्साइडमुळे २-हायड्रॉक्सीइथिडियम बनतं आणि इतर ऑक्सिडेशनने साधं इथिडियम. दोन्ही लाल. वेगळे करायला एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करण्याचं तंत्र) लागतं.

चमक अचानक घटली तर अर्काला अँटिऑक्सिडंट ठरवण्याआधी पेशी मोजा. मेलेल्या पेशी धुताना निघून जातात. पॉझिटिव्ह कंट्रोल (चमक नक्की वाढवणारा नमुना) म्हणून टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड ठेवा. एनएसी (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन) या अँटिऑक्सिडंटने सिग्नल उतरला म्हणजे पेरॉक्साइड सिद्ध झालं असं नाही, कारण एनएसीची पेरॉक्साइडशी प्रक्रिया फार मंद आहे. पेरॉक्साइडच दाखवायचं असेल तर पेरॉक्साइड तोडणारं कॅटलेझ हे एन्झाइम वापरून बघा. ट्रान्सफेक्शनची (पेशींत बाहेरचा जनुक घालण्याची) सोय असल्यास हायपर-७ हा पेरॉक्साइड ओळखणारा प्रथिनाचा प्रोब वापरा, जुन्या हायपरसारखा तो पीएच बदलला की फसत नाही.