चपडा पॉलिश चिकट राहतं, पांढरं पडतं? या चुका टाळा

पॉलिश वाळत नाही म्हणून वरून आणखी एक हात मारणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळल्यापासून लाखेची अल्कोहोलशी हळूहळू रासायनिक क्रिया चालू असते. साधारण सहा महिन्यांनी ते पॉलिश कडक व्हायचं कमी होतं. जुन्या पॉलिशचा थेंब काचेवर टाका. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं, तर ते टाकून द्या. लाकडावर लावून बसला असाल तर स्पिरिटने पुसून सगळा थर काढावाच लागतो, दुसरा इलाज नाही.

म्हणून चपडा लागेल तेवढाच भिजवा: लिटरभर स्पिरिटला १५० ग्रॅम, रात्रभर, अधूनमधून ढवळत, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात पॉलिश काळवंडतं.

पावसाळ्यात येणारा पांढुरका धुरकटपणा वेगळा. स्पिरिट उडताना थर गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि आत अडकतं. कोरडी हवा मिळाली की बोळ्याला (जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळलेला कापूस) नावापुरतं स्पिरिट लावून हलका हात फिरवा. बहुधा डाग जातो. शक्य असेल तर श्रावण उलटेपर्यंत कामच काढू नका.

बोळा फिरता असतानाच टेकवायचा आणि फिरता असतानाच उचलायचा. मध्येच थांबलात तर ओला थर विरघळून कापड चिकटतं आणि खड्डा पडतो. बोळा ओढू लागला तर जवसाच्या तेलाचा एकच थेंब पुरतो. तेल जास्त झालं तर ते नंतर वर येऊन चकाकी घालवतं. पाच-सहा पातळ हात द्या, चार-पाच थरांनंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. दोन जाड थर कधीच तसे दिसत नाहीत.

साध्या चपड्यात सुमारे पाच टक्के मेण असतं. त्यावर पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) मारलं तर ते सुटून येऊ शकतं. वर पीयू हवं असेल तर मेण काढलेला चपडा घ्या, किंवा पॉलिश काही दिवस न हलवता ठेवून फक्त वरचं नितळ वापरा.

देवघराला हे पॉलिश शोभतं, पण समईखाली ताटली ठेवा, कारण लाख उष्णतेने मऊ पडते. आणि पुसताना सोड्याचं पाणी नको. अल्कलीत लाख विरघळते.